वस्तऱ्याचा दगड बदलायचाय, कोणता घेऊ?

"दगड मधे खोल गेलाय. तसाच दुसरा कुठे मिळेल?" उघडा वस्तरा वापरणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, पण कधी ना कधी हा प्रश्न त्यातल्या प्रत्येकाला पडतो. सलूनमधून खरा वस्तरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिथे अर्धी ब्लेड मोडून मुठीत सरकवतात आणि दाढी झाली की फेकून देतात. स्वच्छतेच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. घराघरांतून मात्र अजून आजोबांचा शेफिल्डचा नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा निघतो, आणि नातवाला त्याने दाढी करायची हौस येते. बोर्डी-घोलवडच्या पट्ट्यात या दगडांना आणखी एक गिऱ्हाईक आहे: चिकूची कलमं बांधणारे. त्यांच्या चाकूला वस्तऱ्याच्या जवळपास जाणारी धार लागते.

बोर्डीच्या बाजारात धारेचा दगड मागितला तर दोन बाजूंचा, एकीकडे जाडा आणि दुसरीकडे बारीक असा करडा दगड पुढे येतो. कोयता, विळी, पटाशी यांच्यासाठी तो उत्तम. वस्तऱ्यासाठी मात्र घोलवडला गाडी पकडून मुंबईत नागदेवी स्ट्रीटची दुकानं धुंडाळावी लागतात, नाहीतर पार्सलने मागवावा लागतो. पार्सल म्हटलं की हातात घेऊन बघायची सोय गेली. म्हणून काय मागवायचं ते आधीच पक्कं ठरवलेलं बरं.

१. दगड खरंच संपलाय का?

नवा घ्यायच्या आधी जुना नीट बघा. संपला म्हणून बाजूला टाकलेल्या दगडांपैकी बरेचसे संपलेले नसतात, नुसते वाकडे झालेले असतात. पाटा वापरून वापरून मधे खोलगट होतो आणि गुळगुळीतही होतो. मग वरवंटा कितीही रेटला तरी वाटण सरकत राहतं, बारीक होत नाही. तेव्हा आपण पाटा फेकत नाही, टाकीवाल्याला बोलावतो. धारेच्या दगडालाही हे दोन्ही रोग होतात आणि दोन्हींवर इलाज एकच: त्याचा वरचा थर काढून टाकायचा.

रीत सोपी आहे. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या आणि त्यावर पाण्यात चालणारा, 220 ते 400 नंबरचा काळा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा आणि दगड उलटा करून पेपरवर घासा. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या राहतात. जिथे रेघ उरली तिथे खड्डा आहे. सगळ्या रेघा गेल्या की पुन्हा जाळी काढा, पुन्हा घासा. दुसऱ्यांदा सगळ्या रेघा एकदमच गेल्या, तर दगड सपाट झाला.

असं केल्यावर दगड पाच-सहा मिलिमीटरहून पातळ उरला, तर तो हातात तडकायची भीती असते. तेव्हाही लगेच टाकू नका. काचेच्या किंवा कडप्प्याच्या सपाट तुकड्यावर दोन भागांच्या डिंकाने, म्हणजे एपॉक्सीने, बसवा. तळाशी टेका मिळाला की तो बराच काळ चालतो. एवढं करूनही भागत नसेल, किंवा दगडाला आतपर्यंत चीर गेली असेल, तर मात्र नवा घ्यायची वेळ झाली.

२. वस्तऱ्याचे इतके लाड का?

चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन घडणीतच असतो. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, आणि ती पाठ किती जाड यावर धारेचा कोन ठरतो. पाठ 5 मिलिमीटर जाड आणि पातं पाठीपासून धारेपर्यंत 18 मिलिमीटर रुंद असेल, तर कोन साधारण 16 अंशांचा येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दगड सपाट नसेल तर या घडणीचा उपयोग शून्य. खोलगट दगडावर पात्याची दोन्ही टोकं तेवढी टेकतात, मधली धार हवेत राहते. दुसरी, इतक्या निमुळत्या धारेवर दगडाचा प्रत्येक ओरखडा कडेपर्यंत पोचतो आणि तिथे दातरा होतो. चांगल्या वस्तऱ्याची कड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि डोक्याचा केस 50 ते 100 मायक्रॉन जाड भरतो.

एवढ्या मऊ केसाने पोलाद बोथट होतंच कसं, हे कोडं बराच काळ होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जानलुका रोशोली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचं उत्तर दिलं. पोलाद केसाच्या सुमारे पन्नास पट कठीण असतं, तरी त्याची कड सगळीकडे सारखी नसते. केस कापताना वाकतो आणि कडेवर तिरका जोर देतो. त्या जागी पोलादाच्या रचनेत फरक असेल तर तिथे सूक्ष्म टवका उडतो. त्यांनी प्रयोग साध्या दाढीच्या ब्लेडवर केले, पण आजोबांच्या वस्तऱ्याचं दुखणंही त्याच जातीचं. म्हणजे कडेवर आधीच ओरखड्यांचे दाते ठेवणारा दगड पुढच्या टवक्यांची सोय करून ठेवतो.

३. कृत्रिम दगडात असतं काय?

दोनच गोष्टी: कापणारे कण, आणि त्यांना धरून ठेवणारा बंध.

कणांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. हिऱ्याखालोखाल कठीण असलेल्या कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तिची चाकं आणि पट्ट्या करायच्या, हे शिकलगार आणि रत्नांना पैलू पाडणारे कारागीर करत आलेच होते. महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याला कुरुंद सापडतो. अडचण कणांच्या आकाराची होती. कुटून चाळलेल्या भुकटीत एखादा जाडा कण राहून जायचाच, आणि वस्तऱ्याच्या कडेचं वाटोळं करायला तो एक पुरतो.

1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन माती आणि कोक यांच्या मिश्रणातून वीज सोडत होता. त्याला भट्टीत निळसर चमकदार स्फटिक मिळाले. तेच सिलिकॉन कार्बाइड. कार्बोरंडम हे नाव त्यानेच दिलं. पुढे बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून अॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे कारखान्यातला कुरुंद, तयार होऊ लागला. आजचे वस्तऱ्याचे बहुतेक कृत्रिम दगड या दुसऱ्या जातीचे. सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण आणि टोकदार, पण त्याचे ओरखडे खोल जातात. पोलाद पटापट काढायचं असेल तर ते, चमक आणायची असेल तर अॅल्युमिनियम ऑक्साइड.

आपल्याकडे हा उद्योग समुद्राकाठीच सुरू झाला. उरणजवळ मोरा इथे 1941 मध्ये ग्राइंडवेलचा कारखाना सुरू झाला. पुढे नॉर्टनशी हात मिळवून तो ग्राइंडवेल नॉर्टन झाला. 1954 मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल आली. कारखान्यातली सहाणेची चाकं आणि सुताराच्या पेटीतले तेलाचे दगड या दोघांनी देशभर पोचवले. पण वस्तऱ्याच्या शेवटच्या टप्प्याला तेलाचा दगड चालत नाही. त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्याच्या हिशेबात खरखरीतच असते.

४. आकड्यांचा घोळ

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून बघू.

दगडावर 1000, 3000, 8000 असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कण बारीक, इथपर्यंत ठीक. पण आकडा म्हणजे मापाचं एकक नाही. प्रत्येक देशाची, कधी कधी प्रत्येक कंपनीची, मोजपट्टी निराळी असते. 1000 हा आकडा घ्या. पॉलिश पेपरच्या युरोपीय मापात, ज्याच्या आधी P लिहितात, 1000 म्हणजे सरासरी 18 मायक्रॉनचा कण. जपानी पाण्याच्या दगडावर 1000 असेल तर उत्पादकाप्रमाणे साधारण 11 ते 15 मायक्रॉन. आणि सहाणेच्या दगडांच्या युरोपीय मापात, जिथे आधी F येतो, 1000 म्हणजे साडेचार मायक्रॉन. आकडा तोच, पण कणात चौपट फरक.

वर चढत गेलं की घोळ वाढतो. जपानी प्रमाणकाप्रमाणे 8000 म्हणजे 1.2 मायक्रॉन. शॅप्टन ही जपानीच कंपनी, पण ती आपल्या 8000 ला 1.84 मायक्रॉन सांगते. नॉर्टनच्या पाण्याच्या दगडावरचं 8000 म्हणजे 3 मायक्रॉन. गंमत म्हणजे युरोपीय F1200 सुद्धा 3 मायक्रॉनच आहे. म्हणजे एका दुकानात 1200 लिहिलेला आणि दुसऱ्या दुकानात 8000 लिहिलेला, दोन्ही दगडांचे कण एकाच मापाचे असू शकतात.

एक उदाहरण घेऊ. एकाकडे नॉर्टनचा 4000 आणि 8000 असा जोडदगड होता. वस्तरेवाल्यांमध्ये तो फार चालतो. त्यातली 4000 ची बाजू 6 मायक्रॉनची, 8000 ची 3 मायक्रॉनची. म्हणजे प्रत्येक पायरीला कण निम्मा. 8000 ची बाजू फुटली म्हणून त्याने जपानी प्रमाणकाचा 8000 मागवला. आता उडी 6 वरून थेट 1.2 वर: पाचपट. नवा दगड सुंदर आहे, पण 6 मायक्रॉनचे ओरखडे घालवायला त्याला फार वेळ लागेल. मालक कंटाळून मधेच थांबेल आणि पुन्हा दाढी ओरबाडली म्हणून दगडाला दोष देईल.

उलटंही होतं. दुसऱ्याकडे जपानी 3000 आणि 8000 होते, म्हणजे 4 आणि 1.2 मायक्रॉन. त्याने हरवलेल्या 8000 च्या जागी नॉर्टनचा 8000 घेतला. आता त्याच्याकडे 4 आणि 3 मायक्रॉनचे दोन दगड झाले, म्हणजे जवळजवळ एकच दगड दोनदा, आणि शेवटची पायरी गायब.

म्हणून विकणाऱ्याला आकडा विचारू नका, मायक्रॉन विचारा. तो सांगत नसेल, किंवा डब्यावर कंपनीचं नावच नसेल, तर वस्तऱ्यासाठी तो दगड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्तातल्या बिननावाच्या जोडदगडांवर 8000, 10000 काहीही छापलेलं असतं. भाजी चिरायच्या सुरीला ते चालतील.

५. पायऱ्या किती?

धार लावणं म्हणजे मोठे ओरखडे घालवून त्या जागी लहान ओरखडे आणणं. प्रत्येक दगडाचं काम आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचं. पुढचा कण आधीच्याच्या निम्मा ते एक तृतीयांश असला की काम सुरळीत चालतं. 14, मग 5, मग 2, मग 1 मायक्रॉन अशी शिडी आरामाची. 14, 4, 1.2 अशी तीन पायऱ्यांचीही चालते, फक्त प्रत्येक पायरीवर जास्त वेळ द्यावा लागतो.

नवा दगड या शिडीत कुठे बसणार, एवढाच खरा प्रश्न. झिजलेला दगड बहुतेक वेळा पहिला, 1000 चाच असतो, कारण पोलाद काढायचं दांडगं काम तोच करतो. तो बदलणं सोपं आहे. 12 ते 15 मायक्रॉनच्या घरातला कुठलाही चांगला दगड चालतो. मधला दगड वरच्या आणि खालच्याकडे बघून घ्यायचा. शेवटच्या दगडात मात्र हात आखडू नये. ज्याचा वस्तरा एकदा नीट लागला आहे त्याला एरवी हाच एक दगड पुरतो: धार मंदावली की थोडे हात त्यावर, मग चामडी पट्टा, की झालं. 12000 च्या घरातले, 1 मायक्रॉनच्या आसपासचे दगड या कामाला उत्तम. त्यापुढे अर्ध्या मायक्रॉनचे, 30000 लिहिलेले दगडही मिळतात. ती हौस. पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून जवळपास तेच काम होतं.

पायरी पूर्ण झाली हे कळतं कसं? पाण्याकडे बघा. दगडावर पाण्याचा पातळ थर असताना वस्तरा धारेच्या दिशेने हलका पुढे न्या. सुरुवातीला पाणी धारेपुढे ढकललं जातं, कुठे पुढे पळतं, कुठे नाही. धार सरळ आणि बारीक होत आली की पाणी पुढे न पळता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं पात्यावर चढतं. मधेच एखाद्या बोटभर जागी चढत नसेल, तर त्या जागी अजून काम आहे.

६. पाणी पिणारे आणि न पिणारे

आता बंध. माप एकच असलं तरी दोन दगड हाताला वेगळे लागतात ते यामुळे. बंध कण घट्ट धरून बसला तर बोथट झालेले कण सुटत नाहीत, दगड चकचकीत होतो आणि पोलादावरून नुसता घसरतो. बंध फार सैल असेल तर दगड भराभर झिजतो आणि लवकर खोलगट होतो.

भाजलेल्या मातीच्या जातीचा बंध सच्छिद्र असतो. किंगचा 1000 हा त्यातला नावाजलेला. वापरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की तयार. दुसरा मॅग्नेशियाचा बंध. तो एक प्रकारचं सिमेंटच. तो वरून पाणी शिंपडून वापरायचा; तासन्‌तास बुडवून ठेवला तर भुसभुशीत होतो आणि वाळताना तडकतो. तिसरा राळेचा, म्हणजे रेझिनचा. नानिवाचा 12000 चा दगड या जातीचा: हाताला मऊ, वस्तरा त्यावर लोण्यासारखा जातो, आणि कण खोल रुतत नसल्याने ओरखडे त्याच मापाच्या कडक दगडापेक्षा उथळ पडतात. शेवटच्या पायरीला माझी पसंती यालाच. पण मऊ असल्यामुळे धार पुढे धरून जोर दिला की पातं दगडात रुतून चकती निघते. वस्तऱ्याच्या वजनावर काम करायचं, हाताच्या नाही.

बोर्डीसारख्या ठिकाणी बंध निवडताना हवाही बघावी लागते. पाणी पिणारा दगड जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस वाळत नाही. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर बुरशी धरतो. उन्हात ठेवला तर राळेचा दगड वाकतो. सावलीत, वारा लागेल असा, कडेवर उभा ठेवायचा. पाण्याचंही तसंच. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी दगडाला फारसं बाधत नाही, पण नुकत्याच लागलेल्या कोऱ्या पोलादाला लगेच तांबेरा आणतं. प्यायचं पाणी वापरा, काम झाल्यावर वस्तरा कोरडा पुसा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा.

७. कलमाचा चाकू

घोलवडला 1898 मध्ये चिकूची पहिली लागवड झाली, आणि 2016 मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या वर्षांच्या वाड्यांमागे रोपवाटिकांतलं बारीक हातकाम आहे. चिकूचं कलम रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर करतात. भेटकलमात खुंट आणि चिकूची फांदी या दोघांची साल लाकडाच्या पातळ कापासकट एकाच हाताने काढायची आणि दोन्ही जखमा एकमेकींवर बेमालूम बसवायच्या. चाकू बोथट असेल तर पेशी चिरडतात आणि काप लाटेसारखा येतो; मधे पोकळी राहिली की सांधा धरत नाही.

या चाकूची एक बाजू बहुधा सपाट असते. ती दगडावर पूर्ण टेकवायची, दुसऱ्या बाजूचा उतार सांभाळायचा. दगड वस्तऱ्याचेच, फक्त शिडी लवकर संपते: 14 आणि मग 3 ते 4 मायक्रॉन, त्यानंतर पट्टा. लाकडाला त्यापुढची चमक कळत नाही. रोजच्या कलमांसाठी 12000 चा दगड घेणं म्हणजे पैसे वाया.

एक काळजी मात्र वस्तरेवाल्यांना माहीत नसते. चिकूला चीक असतो. च्युइंगगमचा मूळ कच्चा माल असलेला चिकल तोच. कापताना तो पात्यावर पातळ पापुद्र्यासारखा सुकतो. तसाच चाकू दगडावर घातला की चीक छिद्रांत बसतो, आणि बारीक दगड दोन-चार वेळात गुळगुळीत होऊन काम करेनासा होतो. तेलाच्या फडक्याने पातं आधी पुसून घ्या, मग साबणाने धुऊन तेलही घालवा, आणि मग दगडाकडे वळा. चीक बसलेला दगड घासून वरचा थर काढला की पुन्हा चालू होतो.

८. पार्सल उघडल्यावर

माप बघा. वस्तऱ्याला 70 मिलिमीटर रुंद आणि 200 च्या आसपास लांब दगड सोयीचा. जाडी 10 असो की 20, धारेत फरक नाही, आयुष्यात आहे.

दगड कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवा. आतून तडकलेला दगड बसका आवाज देतो. मग जुन्या पटाशीची चकचकीत पाठ त्यावर थोडी घासा आणि सोनाराच्या भिंगाखाली बघा. सगळीकडे सारखी धूसर चमक हवी. त्यात एखादाच खोल, लांब ओरखडा वारंवार येत असेल, तर दगडात जाडा कण अडकला आहे. एकदा वरचा थर काढून पुन्हा बघा. तरीही येत असेल तर परत पाठवा.

धारदार कोपरे ठेवू नका. दगडाच्या चारही कडा पॉलिश पेपरवर तिरक्या धरून किंचित मोडून घ्या, नाहीतर वस्तऱ्याची टाच त्यावर अडकून टवका उडतो. नंतर पेन्सिलीची जाळी काढून सपाट करायचा विधी नव्या दगडालाही करा, कारण कारखान्यातून आलेले दगड नेहमी सपाट असतातच असं नाही, आणि काहींचा अगदी वरचा थर आतल्यापेक्षा कडक असतो. तो निघाल्यावर दगड वेगळाच वागतो. तोपर्यंत झालेल्या एक-दोन दाढ्यांवरून त्याची पारख करू नये.